काचेच्या पेटीतील पाणी

तंजावर हे पाण्याची पारख असलेले गाव. सोळाव्या शतकात शेवप्प नायकाने येथे एक मोठे तळे खोदविले. त्यात साठलेले पावसाचे पाणी जमिनीखालच्या वाटेने बृहदीश्वर मंदिराशेजारच्या शिवगंगा तळ्यात येई आणि पुढे भाजलेल्या मातीच्या नळांतून राजवाड्याकडे व गावातील विहिरी-तळ्यांकडे जाई. या योजनेचे नाव ‘जलसूत्र’. १६७० नंतरच्या दशकात भोसल्यांचे राज्य येथे आले, तेव्हा ही व्यवस्था त्यांस आयतीच लाभली. वाटेत गाळ खाली बसावा व नितळ तेवढे पुढे जावे, हे तिचे मर्म.

नितळ ते चांगले, ही समजूत तेव्हापासून घराघरांत रुजली असल्यास नवल नाही. मात्र घरात माशांची पेटी आली की हीच समजूत घात करते. चेन्नईतील कोळत्तूर ही शोभेच्या माशांची मोठी बाजारपेठ. तेथून आलेले सोनमासे एखाद्या घरी येतात, मुले दिवसभर काचेला नाक लावून बसतात, आणि पंधरा दिवसांच्या आत एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागतो. कोणी दुकानदाराला बोल लावतो, कोणी दृष्ट लागली म्हणतो. पाण्यावर संशय जात नाही, कारण ते आरशासारखे स्वच्छ दिसत असते.

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने टाकतो. नदीत तो वाहून जातो. पेटीत जाणार कोठे? उरलेले खाद्य कुजले म्हणजे त्यात भरच पडते. अमोनियाला रंग नाही, आणि घातक ठरण्याइतका साचला तरी नाकाला त्याचा पत्ता लागत नाही.

हिशेब करून पाहावा. १ ग्रॅम खाद्यापासून सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया निर्माण होतो. ५० लिटर पाण्यात तो लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम भरेल. हा सगळाच विषारी नसतो. पाण्याचा सामू ७ व तापमान २५ अंश असेल, तर शंभरातला जेमतेम अर्धा-पाऊण भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो. बाकीचा अमोनियमच्या रूपात बराचसा निरुपद्रवी राहतो. परंतु सामू ८ आणि तापमान ३० अंश झाले, की विषारी भाग शंभरात साडेसातांवर जातो. म्हणजे लिटरमागे ०.०४५ मिलिग्रॅम, आणि ०.०५ च्या आसपास कल्ल्यांना इजा होऊ लागते. मे महिन्यात तंजावरचा पारा ३७ अंशांवर चढतो व खोलीतले पाणीही सहज ३० अंशांना पोहोचते. महाबळेश्वरला जे खाद्य निभावेल, ते येथे एका दिवसात माशांच्या जिवावर बेतू शकते.

यावर निसर्गाने उपाय योजून ठेवला आहे. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखविले. नायट्राइटही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी होते व प्राणवायू वाहून नेईनासे होते. अशा वेळी लिटरमागे अर्धा ग्रॅम साधे मीठ टाकले असता कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्यास अडथळा होतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य. मात्र हे जीवाणू वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडणे म्हणजे चूल पेटण्यापूर्वी पंगत बसविणे होय. दोन-तीन मासे, चिमटीभर खाद्य आणि धीर, एवढ्यावर आरंभ करावा. स्पंज नळाखाली खसखसून धुणाऱ्या गृहस्थाच्या हातून हे सारे सैन्य क्लोरीनने मारले जाते. तो पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा.

साठत जाणारे नायट्रेट काढावयाचे, तर दर आठवड्यास चौथाई पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नळाचे पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचा, म्हणजे फोटो धुणाऱ्यांच्या ‘हायपो’चा, लहानसा खडा पुरतो. कूपनलिकेचे पाणीही लगेच ओतू नये. त्यात प्राणवायू कमी व कर्बवायू अधिक असतो. तो निघून गेला की सामू वर चढतो.

येथे एक विचित्र अपघात संभवतो. महिनोन्महिने पाणी न बदललेली पेटी जीवाणूंच्या कामामुळेच हळूहळू आम्लधर्मी होते. सामू फार उतरला की जीवाणू मंदावतात, अमोनिया साचतो. परंतु तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे तगून राहतात. मग एखाद्या सणाला घरमालकास उत्साह येतो. तो बरेचसे पाणी काढून विहिरीचे अल्कधर्मी पाणी भरतो, आणि त्या क्षणी साचलेले अमोनियम विषात पालटते. दुर्लक्षाने न मेलेले मासे असे स्वच्छतेने मरतात. अशी पेटी रोज थोडेथोडे पाणी बदलून सुधारावी.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. तंजावरच्या खेड्यांतील ओढ्यांत ‘पनैएरी केंडै’, म्हणजे ताडावर चढणारा, नावाचा मासा आढळतो. १७९१ मध्ये तरंगंबाडीस डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश लेफ्टनंटाने तो ताडाच्या खोडावर पकडल्याचे लिहून ठेवले. ताडाची गोष्ट खरी असो वा नसो, हा मासा बाहेरच्या हवेत श्वास घेतो, एवढे निश्चित. सोनमाशाला ती सोय नाही. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून दिसले, तर वनस्पतींनीही रात्री प्राणवायू वापरला आहे असे समजावे व हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. वीज गेल्यास दर पाच-दहा मिनिटांनी पेटीतलेच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून धार धरली, तरी तासभर निभावते.