निलंबन, क्रीडा मोटारगाडीचे

मोटारगाडीचा सांगाडा व चाके यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, अवमंदक (धक्काशोषक), जोडदांडे इ. भागांच्या समूहास निलंबन म्हणतात. टायर भूपृष्ठाशी सतत टेकलेले ठेवणे हे त्याचे मुख्य कार्य होय. वेग घेणे, वळणे व थांबणे या तिन्ही क्रिया टायरांच्या पकडीवर अवलंबून असल्याने रस्ता व शर्यतीची धावपट्टी यांसाठी निलंबनाची जुळणी वेगवेगळी करावी लागते.

स्प्रिंगा : एका चाकावरील वस्तुमान २५० किग्रॅ. व चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिमी.ला २५ न्यूटन असल्यास सांगाड्याची नैसर्गिक कंप्रता सु. १.६ हर्ट्झ येते. ताठपणा दुप्पट केल्यास ती सु. २.२५ हर्ट्झ होते. सामान्य प्रवासी गाडीत ती १ ते १.५ हर्ट्झ असते. गुळगुळीत धावपट्टीवर ताठ स्प्रिंगा उपयुक्त ठरतात, कारण सांगाडा कमी कलतो व सुकाणूला त्वरित प्रतिसाद मिळतो. उंचसखल रस्त्यावर मात्र चाक उसळून पकड क्षणभर नाहीशी होते. परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावांच्या परिसरात काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तीवरील रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात. तेथे मऊ स्प्रिंगा, चाकाला वरखाली होण्यास पुरेसा वाव व गाडीच्या तळाची जमिनीपासून जास्त उंची आवश्यक असते.

मुंबईत कुर्ला येथे तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनी (पूर्वीची फियाट ११००) या गाडीत पुढे स्वतंत्र निलंबन व मळसूत्री स्प्रिंगा, तर मागे अखंड आस व पाटे होते. मद्रासजवळील शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींत फियाट ११०० गाड्या भाग घेत. पाट्यांच्या निलंबनात पाट्यांची संख्या व वक्रता बदलून ताठपणा व उंची बदलता येते.

अवमंदक : हे स्प्रिंगची आंदोलने शमवितात. ते दुर्बल असल्यास गाडी हेलकावत राहते. अतिप्रबल असल्यास लागोपाठच्या उंचवट्यांवर चाकाला पुन्हा खाली येण्यास अवधी मिळत नाही.

कलरोधी दांडा : वळणावर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकणारा एकूण भार मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील आडवे अंतर व वळणाची तीव्रता यांवर ठरतो. दांडा त्याची पुढील व मागील चाकांतील वाटणी बदलतो. पुढील बाजू अधिक ताठ केल्यास पुढील चाके आधी घसरून गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. मागील बाजू ताठ केल्यास शेपूट घसरते. धावपट्टीवर कुशल चालकाला उपयोगी पडणारी ही दुसरी जुळणी पावसाळ्यात घाटरस्त्यावर प्राणघातक ठरू शकते.

चाकांचा कल : वळणात बाहेरील टायर पूर्ण रुंदीने टेकावा म्हणून शर्यतीसाठी चाकांचा वरचा भाग आत झुकवितात. हीच जुळणी रस्त्यावर कायम ठेवल्यास टायरची आतील कड लवकर झिजते.

जुळणीपूर्वी टायरांतील हवेचा दाब तपासावा, एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. दोन्ही कामांसाठी एकच गाडी वापरणाऱ्याने शर्यतीनंतर रस्त्याची जुळणी पूर्ववत करूनच परतीचा प्रवास करणे श्रेयस्कर होय.