टेपची मापे आणि शरीरातील चरबी: काही गैरसमज

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांमध्ये टेपविषयी जे समज रूढ आहेत, त्यांपैकी बरेचसे दोन निरनिराळ्या मोजमापांची गल्लत झाल्याने निर्माण झालेले आहेत. मैदानावर छातीला लावली जाणारी टेप चरबी मोजत नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर असावी लागते आणि फुगवल्यावर ती आणखी ५ सेंटिमीटर वाढावी लागते. या मापातून छातीचा घेर आणि श्वासासरशी होणारे तिचे प्रसरण एवढेच कळते.

मोबाइलवरील गणकयंत्रे टेपच्या मापांवरून चरबीची जी टक्केवारी दाखवतात, तिचे मूळ बहुधा अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या सूत्रात असते. त्यात पुरुषाच्या बेंबीजवळच्या घेरातून मानेचा घेर वजा करून उरलेल्या अंतराची उंचीशी सांगड घातली जाते, तर स्त्रियांच्या बाबतीत कंबर आणि नितंब यांचे घेर एकत्र घेऊन त्यांतून मान वजा केली जाते. म्हणजेच टेपला मिळतो तो केवळ घेर, आणि चरबीचे प्रमाण हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो. हे सूत्र ज्या मोजणीशी ताडून बसवले गेले, ती मात्र माणसाला पाण्याखाली तोलून शरीराची घनता काढण्याची होती. १७० सेंटिमीटर उंची, ८५ सेंटिमीटर पोट आणि ३७ सेंटिमीटर मान असलेल्या पुरुषाचे उत्तर सुमारे १८.६ टक्के येते, पण टेप सैल धरल्याने पोट २ सेंटिमीटर जास्त भरले, तर तेच उत्तर २० टक्क्यांच्या वर जाते. दशांशापर्यंतच्या आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे गणित एकदा स्वतः करून पाहावे.

सडपातळ माणसाच्या अंगात चरबी नसते, हा समज अधिक घातक म्हणावा लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, २२.३ असा सारखाच होता. तरीही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली, आणि ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकी खलाशांवरून बांधलेले सूत्र मराठवाड्यातील तरुणाला जसेच्या तसे लागू पडेल, असे गृहीत धरण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

याच्या उलट, वजन जास्त म्हणजे चरबी जास्त, हेही सरसकट खरे नाही, आणि काका पवार यांच्यासारखे मल्ल देणाऱ्या लातूर जिल्ह्यात ते वेगळे सांगण्याची गरज नसावी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या वैद्यकीय निकषांत राष्ट्रीय पातळीवरील कुस्तीगीर, मुष्टियोद्धे आणि शरीरसौष्ठवपटू यांना जादा वजनाची अपवादात्मक सवलत आहे, परंतु तिच्यासाठी बॉडी मास इंडेक्स २५ च्या आत, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा कमी आणि कंबर-नितंब गुणोत्तर ०.९ च्या खाली असावे लागते.

मोजणीआधी पाणी तोडून चरबी उतरते, हा तर निव्वळ भ्रम होय. वजनकाट्यावर दिसणारी घट पाण्याची असते, चरबी तेवढीच राहते, आणि तहानलेल्या शरीराने १६०० मीटर धावण्याची वेळ आली की वेळेतले काही सेकंद मात्र हातचे जातात.