कोनी कंसांतील अक्षरें

कंसाची पहिली ओळख गणिताच्या तासाला होते. 'कंचेभागुबेव' हें सूत्र पाठ करतांना विद्यार्थी शिकतो, कीं उदाहरणांत कंस आधीं सोडवावयाचा. साधा, महिरपी व चौकटी हे तीन कंस त्याच्या चांगल्या परिचयाचे होतात. चौथा, म्हणजे < > हा कोनी कंस, पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतो. त्याचीं दोन अंगें मात्र सुटीं आढळतात. लहान-मोठेपणा दाखविणारीं हीं चिन्हें टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या १६३१ सालीं छापलेल्या ग्रंथांत आलीं. भाषाशास्त्रांत 'हात < हत्थ < हस्त' असें लिहिलें, म्हणजे मराठी 'हात' हा प्राकृत 'हत्थ'पासून व तो संस्कृत 'हस्त'पासून आला, असा अर्थ होतो.

पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडींत संगणकाचीं पानें रचणाऱ्यांस हा कंस नित्याचा आहे. त्यांतील शब्द वाचकास दिसत नाहींत. मथळा कोठें व परिच्छेद कोठें, हें ते यंत्रास सांगतात. कंसांतील शब्द येथें मजकूर नसून मजकुराची ओळख असते.

असाच ओळख देणारा कंस चाकण-पिंपरीच्या मोटारधंद्यांत आहे. पण तेथें त्याचीं तोंडें उलटीं असतात. बंपर, डॅशबोर्ड किंवा पंख्याचें आवरण काढून मागील बाजू पाहिली, तर >पीपी< किंवा >एबीएस< अशीं रोमन अक्षरें उठविलेलीं आढळतात. ही 'आयएसओ ११४६९' या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची रीति होय. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. >पीए६६-जीएफ३०< याचा अर्थ, नायलॉनची एक जात व तींत वजनानें ३० टक्के काचतंतु. युरोपीय संघानें २००३ सालीं मोटारीच्या १०० ग्रॅमहून जड अशा प्लॅस्टिकच्या भागांवर अशी ओळख घालण्याचा निर्णय केला.

हा खटाटोप कशासाठीं ? डोळ्यांस सारखीं दिसणारीं प्लॅस्टिकें एकमेकांत मिसळत नाहींत. पॉलिप्रॉपिलीन सुमारें १६५ अंशांवर वितळतें, तर हें नायलॉन सुमारें २६० अंशांवर. दोन्ही एकत्र दळलीं, तर नव्या वस्तूंत न वितळलेले कण राहतात व ती तेथेंच तडकते. भंगार निवडणाऱ्याची जुनी परीक्षा म्हणजे तुकडा पाण्यांत टाकणें. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगतें. पण त्यांत २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी असेल, तर तेंच बुडतें व परीक्षा चुकते. दुसरी परीक्षा जाळून वास घेण्याची. तुकडा पीव्हीसीचा निघाला, तर त्या धुरांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निवडणाऱ्याच्या छातींत जाते. कंसांतील दोन-तीन अक्षरें वाचतां आलीं, तर हा धूर घ्यावा लागत नाहीं.

चिखलीजवळच्या कुदळवाडींत भंगाराचीं पुष्कळ गोदामें होतीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील हजारों बांधकामें अनधिकृत म्हणून पाडलीं. गोदामें गेलीं, तरी भंगार निघावयाचें थांबलें नाहीं. आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम भारतांत १ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आले आहेत. त्यामुळें या अक्षरांचें महत्त्व वाढलें आहे.

मात्र चिन्ह स्वतः कांहीं तपासीत नाहीं. तें साच्यांतच कोरलेलें असतें. कारखान्यानें उद्यां निराळा माल ओतला व साच्यांतील अक्षरें बदललीं नाहींत, तर प्रत्येक भाग खोटें नांव घेऊन बाहेर पडेल, आणि तें खोटें पंधरा-वीस वर्षांनीं कोणा अनोळखी माणसाच्या हातीं उघडकीस येईल. शाळेंतील कंस आधीं सोडवितात. मोटारींतील हा कंस सर्वांत शेवटीं वाचला जातो. म्हणून तो लिहितांनाच खरा लिहिला पाहिजे.