परागंदा व्यापाऱ्याचे लाल देऊळ

ज्यू धर्मीयांचा वल्हांडण हा सण म्हणजे एका देशत्यागाचे स्मरण होय. मिसरच्या दास्यातून पूर्वज इतक्या घाईने निघाले, की कणीक आंबण्याइतकीही उसंत त्यांना मिळाली नाही; म्हणून या सणात बिनखमिराची भाकरी खाण्याचा प्रघात आहे. पुण्याच्या कॅम्पातील ‘लाल देवळा’च्या आवारात चिरविश्रांती घेणाऱ्या डेव्हिड ससून यांच्या आयुष्यातही असाच एक देशत्याग घडला होता.

ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार होते. परंतु दाऊद पाशाच्या अमदानीत छळ सुरू झाला आणि पितापुत्रांना बुशहर बंदराचा आश्रय घ्यावा लागला. वडिलांनी तेथेच देह ठेवला. १८३२च्या सुमारास ससून सहकुटुंब मुंबईस आले. विलायती कापड इराणी आखाताकडे पाठवावे आणि तिकडील माल येथे आणावा, अशा व्यवहारातून त्यांची पेढी वाढली. परंतु बगदादी पेहराव त्यांनी सोडला नाही. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारतानाही त्यांनी सही केली ती हिब्रू लिपीत!

या वैभवात चीनकडे जाणाऱ्या अफूचाही मोठा वाटा होता. ज्या धनाने येथे रुग्णांची शुश्रूषा झाली, त्याच धनाच्या पाठीमागे परदेशातील कित्येक संसारांची राखरांगोळी होती. दातृत्वाचे गुणगान करताना हे सत्य झाकून ठेवणे उचित नव्हे.

भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ प्रार्थनामंदिर त्यांनी १८६१ साली उभारले. पुण्याचे लाल देऊळ आणि ससून रुग्णालय मात्र त्यांना पूर्ण झालेले पाहता आले नाही. ७ नोव्हेंबर १८६४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या दोन्ही वास्तू १८६७ साली पूर्णत्वास गेल्या.

आपणही एकदा परके होतो, म्हणून परक्याला छळू नये, ही वल्हांडणाच्या कथेतून मिळणारी शिकवण. ससून यांनी ती कितपत पाळली, याचा निवाडा इतिहास दोन्ही पारड्यांत वजन टाकूनच करील. तथापि आजही खेड्यापाड्यांतून आजारी माणसाला घेऊन निघालेले आप्त ‘ससूनला नेतो’ म्हणतात, तेव्हा बगदादहून परागंदा झालेल्या त्या कुळाचे नाव मराठी माणसाच्या तोंडी आशेचा शब्द होऊन येते.