अपुऱ्या गच्चीवरील आकाशक : दोषशोधनाचा क्रम

भूजच्या २००१ मधील भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संपर्क राखला. असे केंद्र सज्ज राहण्यासाठी त्याचा आकाशक, म्हणजेच अँटेना, निर्दोष हवा. लखनौच्या जुन्या, दाट वस्तीत त्याला सलग जागा क्वचितच लाभते. ७.१ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या अर्धतरंग आकाशकास सुमारे २० मीटर तार लागते. गच्ची आखूड असल्यास मध्य उंच ठेवून टोके खाली वळवावीत. लांबी मात्र राखावी.

दोष आढळल्यास प्रथम केबलच्या टोकास आकाशकाऐवजी ५० ओहमचा, प्रक्षेपकाची शक्ती पेलणारा रोध जोडावा. स्थिर तरंगांचे गुणोत्तर १ च्या जवळ न आल्यास दोष केबलमध्ये किंवा तिच्या सांध्यांत असतो. आल्यास तो बहुधा आकाशकात असतो. मग आकाशक पुन्हा जोडून गुणोत्तर कोणत्या कंप्रतेस किमान होते ते पाहावे. ती इष्ट कंप्रतेहून कमी असल्यास तार लांब, अधिक असल्यास आखूड समजावी. तथापि जवळच्या लोखंडी कठड्यानेही ही कंप्रता खाली सरकते. म्हणून तार आधी कठड्यापासून दूर न्यावी, पुन्हा मापन करावे आणि मगच ती कापावी. केवळ पावसात बिघडणारे मापन बहुधा सांध्यात पाणी शिरल्याचे दर्शविते.

प्रक्षेपणाच्या वेळी टोकांशी विद्युत्‌दाब मोठा असतो. ती हाताच्या टप्प्याबाहेर आणि संपूर्ण तार वीजवाहिन्यांपासून दूर असावी.