गोंदण आणि ऊन

वसंतातील व्याख्याने संध्याकाळी ठेवतात, याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. चैत्र-वैशाखातले ऊन कोणासच सोसवत नाही. श्रोता सूर्य कलल्यावर घराबाहेर पडू शकतो. त्याच्या दंडावरचे गोंदण मात्र दिवसभर, कामाच्या वाटेवर, उघडेच असते. पूर्वी घरोघरच्या बायकांच्या कपाळावर नि हातावर दिसणारे हे गोंदण आता टॅटू या नावाने तरुणांच्या अंगावर नाना रंगांत आले आहे. मेल्यावर आपल्याबरोबर येते ते गोंदणच, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मग जिवंतपणीच ते फिके का पडते, या प्रश्नाचा येथे आम्ही विचार करणार आहोत.

प्रथम रंग कोठे असतो ते पाहू. आपली बाह्यत्वचा साधारण महिनाभरात झडून नवी होते. रंग तेथेच राहिला असता तर गोंदण महिन्यातच नाहीसे झाले असते. सुई ही त्वचा ओलांडून खालच्या अंतस्त्वचेत रंग सोडते. शरीराला तो परका वाटतो, म्हणून तेथील भक्षकपेशी त्याचे कण गिळतात. पण त्यांना ते पचवता येत नाहीत. या पेशी मरतात तेव्हा सुटलेला रंग त्यांच्या जागी आलेल्या पेशी गिळतात, असे फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी 2018 साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले. एका घागरीतले पाणी दुसरीत ओतत राहावे, तसा हा प्रकार आहे. सारांश, गोंदण हे दगडावरील लेखासारखे निश्चल नसून जिवंत शरीराने सांभाळलेली ठेव आहे.

आता उन्हाकडे वळू. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. जर्मनीतील रिटर याने 1801 साली त्यांचा शोध लावला. त्यांपैकी आखूड लांबीचे किरण मुख्यतः बाह्यत्वचेला भाजतात. लांब लांबीचे किरण अंतस्त्वचेपर्यंत, म्हणजे नेमके रंगाच्या मुक्कामापर्यंत पोहोचतात. तांबड्या-पिवळ्या रंगांतील अनेक सेंद्रिय द्रव्यांचे रेणू या किरणांनी तुटतात. खिडकीला लावलेला रंगीत पडदा विटतो, तशीच ही गोष्ट. काजळी मात्र मुख्यतः कर्ब असल्याने सहसा दाद देत नाही. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ नामक मनुष्याच्या देहावर 61 गोंदणखुणा मोजल्या गेल्या. त्या काळ्या कर्बाच्याच आहेत.

मग आजीचे काजळीचे गोंदण हिरवट नि पसरट का दिसते? हिरवट दिसते ते त्वचेतून जाताना प्रकाश विखुरतो म्हणून. रेषा पसरतात त्या काळानुसार कण हळूहळू सरकतात म्हणून. आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने अंतस्त्वचेचे लवचीक तंतू बिघडून त्वचा सैल पडते, त्याचीही त्यात भर पडते. शिवाय रंग आपण बाह्यत्वचेतून पाहत असतो. ती उन्हाने रापली, की काळवंडलेल्या काचेमागील चित्राप्रमाणे शाबूत रंगही मंद भासतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना हा अनुभव विशेष येतो.

नवे गोंदण ही जखम आहे, हे मात्र कधीही विसरू नये. तिचा वरचा भाग भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. आतली दुरुस्ती त्यानंतरही चालू असते. तोवर त्यावर सनस्क्रीन चोळू नये. सैल, स्वच्छ सुती कापडाने ते झाकावे आणि शक्यतो सावलीत राहावे. विहिरीत वा समुद्रात पोहू नये, खपली उपटू नये. कोवळ्या जागी ऊन लागल्यास आग होते, खपली जाड धरते, रंग डागाडागांनी बसतो आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग मागे राहतात. सूज वाढली, पू धरला किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

जखम पुरती भरल्यावर, खपल्या पडून त्वचा नेहमीसारखी झाल्यावर, सनस्क्रीन वापरण्यास हरकत नाही. दोन्ही प्रकारच्या किरणांना अडवणारे, एसपीएफ 30 किंवा अधिक असलेले घ्यावे. संपूर्ण हाताला दोन बोटांच्या लांबीइतके लागते; काटकसरीने पुसटसे लावल्यास डबीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. बाहेर पडण्यापूर्वी पंधरावीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी आणि घाम वा पोहण्यानंतर पुन्हा लावावे. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवील, पण उन्हाला अडवणार नाही. लांब बाहीचा घट्ट विणीचा सदरा मात्र स्वस्त नि खात्रीचा. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, की किरण प्रखर आहेत असे समजावे. साधी काच लांब लांबीचे किरण पुष्कळसे आत सोडते, हे मोटारीत खिडकीशी बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक सांगितले पाहिजे. काही जणांचे गोंदण उन्हात गेल्यावर फुगते, खाजते. पूर्वी पिवळ्या रंगात कॅडमियमची संयुगे वापरत, त्यांत हे विशेष आढळे. असे वारंवार होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. तिळावर गोंदवून घेऊ नये. कारण तिळाचा आकार वा रंग बदलणे ही कर्करोगाची खूण असू शकते, आणि ती रंगाखाली झाकली जाते. उन्हाने त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, आणि गोंदणाचा रंग काही त्वचेचे कवच नव्हे.

म्हणून ही सारी दक्षता केवळ शोभेसाठी आहे असे समजू नये. विटलेला रंग कुशल हात पुन्हा भरू शकेल. उन्हाने बिघडलेली त्वचा पूर्ववत करणे मात्र त्याच्या हाती नाही.