सरळ रेषा, वाकडे समज

'सुतासारखा सरळ' असं आपण एखाद्या माणसाबद्दल म्हणतो, तेव्हा त्यातलं सूत असतं ते सुताराच्या हातातलं. रंगात बुडवलेला दोरा फळीच्या दोन टोकांना ताणून धरायचा, मध्ये चिमटीत उचलून सोडायचा, की फळीवर रेघ उमटते. सुताराकडे आणखी एक सूत असतं. ते म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. पहिलं सूत सरळपणा देतं, दुसरं माप देतं.

सर्क्युलर सॉला, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या करवतीला, जोडून येणारी गाइड रेल हा पहिल्या सुताचा ॲल्युमिनियमचा अवतार आहे. 1960च्या दशकात जर्मनीतल्या फेस्टो कंपनीने (आजची फेस्टूल) ही पद्धत बाजारात रुळवली. लांब पट्टीवर एक उंचवटा, मशीनच्या तळाला त्यावर बसणारी खाच, आणि पट्टीच्या कडेला रबरी किंवा प्लास्टिकची झालर. मशीन रेलवरून सरकतं आणि झालरीच्या कडेला लागून पातं कापत जातं. फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम करणाऱ्या कारागिरांकडे आणि घरच्या घरी कपाट करू पाहणाऱ्या हौशी मंडळींकडे आता ही रेल दिसू लागली आहे. तिच्यासोबत काही समजही आले आहेत. त्यातले बरेचसे दोन सुतांची गल्लत झाल्याने तयार झालेले आहेत.

गैरसमज 1 : रेल लावली की काप आपोआप गुण्यात येतो

वस्तुस्थिती : रेल काप सरळ ठेवते. तो काप काटकोनात आहे की नाही, हे तिला कळत नाही. तिरकी ठेवलेली रेल अतिशय सरळ असा तिरका काप देते.

म्हणून रेल ठेवताना दोन्ही टोकांना मापाच्या खुणा हव्यात, आणि आडव्या कापासाठी मोठा गुण्या. गुण्या लहान असेल तर तीन-चार-पाचचा हिशेब कामी येतो. कोपऱ्यापासून एका कडेवर 600 मिमी, दुसरीवर 800 मिमी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 1000 मिमी भरलं, तर कोपरा काटकोनात आहे. प्लायच्या अख्ख्या पत्र्याचीही परीक्षा घ्यावी. आठ बाय चारचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिमीचा पत्रा गुण्यात असेल, तर त्याची दोन्ही तिरपी मापं सारखी, 2728 मिमीच्या आसपास येतात. कारखान्यातून आलेली कड आहे म्हणजे ती सरळच असणार, असं धरून चालू नये.

खुद्द रेलही तपासता येते. तिच्या कडेने बारीक पेन्सिलीची रेघ मारा. मग रेल अर्धं वर्तुळ फिरवून रेघेच्या पलीकडच्या बाजूला आणा आणि तीच कड रेघेला लावा. कडेला बाक असेल तर मध्ये किंवा टोकांना फट दिसेल, आणि ती प्रत्यक्ष बाकाच्या दुप्पट असेल. रेल सरळ असूनही काप नागमोडी येत असेल, तर मशीन रेलवर डुगडुगतं का ते पाहा. रेलसाठी बनवलेल्या बहुतेक मशीनच्या तळाला हे ढिलेपण काढणारी चकती असते. ती एकदा नीट बसवावी लागते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

गैरसमज 2 : रेल आहे, म्हणजे पात्याच्या जाडीचा विचार नको

वस्तुस्थिती : करवत लाकूड नुसतं वेगळं करत नाही, थोडं खातेही. साधारण अडीच मिलिमीटरच्या पात्याने 2440 मिमी लांबीचे चार सारखे भाग करायला तीन काप लागतात. त्यात साडेसात मिलिमीटर भुश्यात जातात. प्रत्येक भाग 610 नव्हे, 608 मिमीचा निघतो. कपाटाच्या चार फळ्या एकमेकींशी जुळतात, पण कागदावरच्या मापाशी जुळत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून रेल ठेवायची ती जो तुकडा वापरायचा आहे त्याच्यावर, झालरीची कड बरोबर रेघेला लावून. मग पातं जे खाईल ते टाकाऊ बाजूचं खाईल. उलट ठेवलीत तर तुमचा तुकडा जवळजवळ एक सूत कमी भरणार. रेल सरळ, रेघ बरोबर, आणि तुकडा तरीही आखूड.

गैरसमज 3 : झालर असली की कपचे उडतच नाहीत

वस्तुस्थिती : सर्क्युलर सॉचं पातं पुढच्या बाजूला खालून वर फिरतं. दाते पत्र्यात खालच्या बाजूने शिरतात आणि वरच्या बाजूने बाहेर पडतात. बाहेर पडताना ते वरचा थर उचकटतात, म्हणून कपचे उडतात ते वरच्या अंगाला. झालर तो थर रेघेला लागूनच दाबून धरते. पण ती दाबते फक्त रेलखालची बाजू. पात्याच्या पलीकडचा तुकडा उघडाच असतो. काही मशीनमध्ये त्या बाजूसाठी प्लास्टिकची वेगळी पट्टी असते. नसेल तर पलीकडच्या कडेने कपचे उडणारच.

नवी झालर मुद्दाम थोडी जास्त रुंद येते. पहिल्यांदा मशीन चालवल्यावर ती तुमच्या पात्याच्या रेषेत कापली जाते, आणि तिथून पुढे तीच कड म्हणजे कापाची रेघ. मशीन बदललं किंवा वेगळ्या जाडीचं पातं बसवलं, की ही कड विश्वासाची राहत नाही. झालर थोडी सरकवून पुन्हा कापून घ्यावी, नाहीतर नवी लावावी.

सनमायका चिकटवलेल्या प्लायला आणि प्रीलॅम बोर्डाला आणखी काळजी हवी. बाहेर दिसणारी चांगली बाजू खाली ठेवून कापा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर आधी दीड-दोन मिलिमीटर खोल हलका काप घ्या, मग पूर्ण खोलीचा. आणि पातं बघा. 24 दात्यांचं पातं लाकूड उभं, रेषेच्या दिशेने चिरायला चांगलं. प्लाय आणि लॅमिनेटसाठी 40-48 किंवा त्याहून जास्त दात्यांचं हवं. बोथट पात्याची कसर कोणतीही झालर भरून काढत नाही.

गैरसमज 4 : पातं जितकं खाली, तितका काप साफ

वस्तुस्थिती : उलट घडतं. पातं फार खाली सोडलं की दाते वरच्या थरातून अधिक उभे बाहेर येतात आणि जास्त उचकटतात. शिवाय पत्र्याखाली उगाच जास्त पातं उघडं फिरत राहतं. पत्र्याच्या जाडीपेक्षा दाताएवढं, म्हणजे चार-पाच मिलिमीटर, पातं बाहेर आलं की पुरे.

हिशेबात चूक होते ती रेलची जाडी विसरल्यामुळे. मशीन आता पत्र्यावर नाही, रेलवर उभं आहे. 18 मिमी प्लाय, साधारण 5 मिमी रेल आणि 5 मिमी जादा, अशी 28 मिमी खोली लावावी लागते. काही मशीनच्या खोलीच्या मापपट्टीत रेलची जाडी आधीच धरलेली असते, काहींच्या नाही. पहिला काप टाकाऊ तुकड्यावर घेऊन बघितला की कळतं.

गैरसमज 5 : मशीन रेलवर आहे, आता ते उसळणार नाही

वस्तुस्थिती : मशीन हातात वाकडं होऊन पातं अडकण्याचा धोका रेलमुळे कमी होतो, हे खरं. पण उसळण्याचं मोठं कारण वेगळं आहे. कापत असताना पत्रा मध्ये झोळ खातो, कापाची फट मिटते, पातं दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडतं आणि मशीन चालवणाऱ्याच्या दिशेने मागे फेकलं जातं. याला रेल काही करू शकत नाही. याला आधार लागतो.

आपल्याकडे बरंचसं काम जमिनीवर बसून होतं. अशा वेळी पत्र्याखाली चार जाड पट्ट्या टाकाव्यात, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. म्हणजे काप पूर्ण झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात, कुठलाच तुटून लोंबत नाही. पट्ट्या इतक्या जाड हव्यात की पातं फरशीला लागणार नाही. एक जाड टाकाऊ पत्रा किंवा थर्मोकोलची जाड शीट खाली अंथरली तरी चालतं. पातं तिच्यात थोडं कापत जातं, एवढंच. मशीनला पात्यामागे फट उघडी ठेवणारी पोलादी सुरी असेल तर ती काढून ठेवू नये. ती नेमकी याच प्रसंगासाठी असते.

रेलखाली घसरू नये म्हणून मऊ पट्ट्या असतात. त्यांच्यावर भुसा बसला की पकड जाते. पट्ट्या पुसून घ्याव्यात, आणि महत्त्वाच्या कापाला दोन्ही टोकांना क्लॅम्प लावावेत. आणखी एक साधी गोष्ट अनेक काप बिघडवते : मशीनची वायर किंवा भुश्याची नळी रेलच्या टोकाला अडकते, हाताला हिसका बसतो आणि मशीन मध्येच थांबतं. सुरू करण्याआधी वायर खांद्यावरून मागे घ्यावी, आणि स्वतः मशीनच्या अगदी मागच्या रेषेत न बसता जरा बाजूला बसावं.

गैरसमज 6 : मार्बल कटरला लाकडाचं पातं आणि खाली रेल, की झालं काम

वस्तुस्थिती : चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापणं आपल्या साइटवर रोजचं आहे. मशीन स्वस्त, हलकं आणि सगळीकडे मिळणारं, म्हणून ते रुळलं. पण ते बनलं आहे दगड आणि फरशीसाठी. त्याला पत्र्याखाली आलेलं पातं झाकणारं, आपोआप सरकणारं कव्हर नसतं. फट उघडी ठेवणारी सुरी नसते. वेग मोठ्या सर्क्युलर सॉच्या दुपटीहून जास्त, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या पुढे. रेल त्याची रेघ सरळ करेल; जे कव्हर मुळात नाही ते कुठून आणणार? रेलवर खर्च करायचाच असेल, तर आधी लाकडासाठी बनवलेलं मशीन घ्यावं.

गैरसमज 7 : रेलसाठी महागडं खास मशीनच लागतं

वस्तुस्थिती : पत्र्याच्या मधोमध पातं उतरवून सिंक किंवा शेगडीसाठी चौकोन कापायचा असेल, तर प्लंज प्रकारचं, म्हणजे पातं वरून खाली दाबायचं मशीन खरोखर हवं. पण कडेपासून कडेपर्यंतच्या सरळ कापाला साधा सात इंची सर्क्युलर सॉ पुरतो. त्याच्यासाठी रेल घरी करता येते.

6 मिमी प्लायची फूटभर रुंद पट्टी घ्या, लागणाऱ्या कापापेक्षा फूटभर लांब. तिच्यावर 12 मिमी प्लायची अरुंद पट्टी, सरळपणा तपासलेली कड पात्याच्या बाजूला येईल अशी, चिकटवून स्क्रूने बसवा. मशीनचा तळ त्या कडेला टेकवला की पातं ज्या रेषेत येतं, तिच्यापलीकडे खालची पट्टी थोडी जादा उरली पाहिजे. आता मशीन त्या कडेला टेकवून एकदा पूर्ण लांबी चालवा. जादा भाग कापून पडेल, आणि जी कड उरेल ती तुमच्या मशीनची, तुमच्या पात्याची रेघ. ती पेन्सिलीच्या खुणांवर ठेवली की काप तिथेच येणार. वरची पट्टी फार उंच नको, नाहीतर मशीनची मोटर तिला अडते. आणि तिच्या मागे क्लॅम्प लावायला पुरेशी जागा सोडा. मोबदल्यात 6 मिमी खोली कमी मिळते, एवढंच.

गैरसमज 8 : रेल सगळ्या सारख्याच, दोन जोडल्या की एक लांब रेल तयार

वस्तुस्थिती : फेस्टूल आणि मकिता यांच्या रेलचा आकार बराचसा एकमेकांना जुळतो, बॉश आणि माफेल यांचा वेगळा, पण आपसात जुळणारा, डीवॉल्टचा आणखी वेगळा. विकत घेण्याआधी मशीन दुकानात नेऊन रेलवर सरकवून पाहावं.

आठ फुटी काप एका दमात घ्यायचा तर आठ फुटी रेल पुरत नाही. पातं पत्र्याला भिडण्याआधी मशीन रेलवर नीट बसलेलं हवं, आणि शेवटीही थोडी रेल उरायला हवी. म्हणून 1400 मिमीच्या दोन रेल जोडून 2800 मिमी करतात. मात्र जोडणाऱ्या पट्टीचे स्क्रू आवळताना रेल किंचित वाकतात. जोडाजवळ दुसरी सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावून तपासावं, मग आवळावं. इथे ते जुनं, पहिलं सूतच पुन्हा उपयोगी पडतं.

गैरसमज 9 : भुसा नळीत जातो, मग मास्क कशाला?

वस्तुस्थिती : पत्र्याच्या मधून कापताना भुसा बऱ्यापैकी खेचला जातो. पण कडेची अरुंद चिरी काढताना पात्याची एक बाजू उघडी पडते आणि भुसा बाहेर उडतो. सगळ्यात बारीक धूळ तर डोळ्यांना दिसतही नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये जाहीर केलं आहे. बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एमडीएफ कापणाऱ्याने नळी आणि मास्क, दोन्ही वापरावं.

गैरसमज 10 : रेल आली, आता टेबल सॉ भंगारात

वस्तुस्थिती : 18 मिमीचा आठ बाय चारचा पत्रा तीस किलोच्या वर भरतो. तो एकट्याने टेबल सॉवर ढकलण्यापेक्षा पत्रा जागेवर ठेवून मशीन त्याच्यावर चालवणं सोपं आणि सुरक्षित. तिसऱ्या मजल्यावर चालू असलेल्या कामाला तर रेलच बरी. पण दोन इंची पन्नास पट्ट्या एकाच मापाच्या काढायच्या असतील, तर प्रत्येक वेळी रेल मोजून लावण्यात दिवस जातो, आणि अरुंद तुकड्यावर रेल नीट टेकतही नाही. ते काम टेबल सॉचंच.

राहिला प्रश्न पहिल्यांदा काय घ्यावं याचा. घरची रेल एका संध्याकाळी होते. त्यात वाचलेल्या पैशांत एक मोठा, खात्रीचा गुण्या आणि 48 दात्यांचं एक चांगलं पातं घ्या. कापून झालेल्या पहिल्या फळीची दोन तिरपी मापं घेऊन पाहा. ती एका सुतापेक्षा कमी फरकाने जुळली, तर विकतची रेल तुम्हाला वेग देईल. जुळली नाहीत, तर चुकणाऱ्या मापांचाच वेग वाढेल.